डोळे पिवळे होईपर्यंत उशीर झालेला असतो

'कावीळ पूर्ण उतरेपर्यंत रुग्णाला वेगळं ठेवा' असं काविळीवरच्या एका लेखात म्हटलंय. हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित अन्नपाण्यातून पसरणारी विषाणूची कावीळ, हिच्या बाबतीत ते अर्धंच खरं. हा विषाणू विष्ठेतून सगळ्यात जास्त पडतो तो डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत, म्हणजे नुसती कणकण, मळमळ असते आणि जेवणावरची वासना उडते तेव्हा. कावीळ दिसल्यावर साधारण आठवडाभरात बहुतेकांपासूनचा धोका संपत येतो. पिवळेपणा मात्र पुढं कितीतरी दिवस टिकतो. लहान लेकरांत विषाणू जास्त दिवस पडत राहू शकतो, आणि सहा वर्षांखालच्या बहुतेकांना कावीळ दिसतच नाही!

आमच्या बीडकडं उन्हाळ्यात टँकर आला की रांजण भरतात, आणि जो येईल तो मनगटापर्यंत हात बुडवून तांब्या भरतो. पेशंटचं ताट वेगळं, रांजण तोच. काय उपयोग? लांब दांड्याचं वगराळं ठेवा, पाणी उकळा, हात साबणानं धुवा. सॅनिटायझर या विषाणूवर फारसं चालत नाही.

घरातल्या बाकीच्यांना लस द्यायची तर संपर्कानंतर १४ दिवसांच्या आत द्यावी लागते, त्यामुळं डॉक्टरांना लगेच विचारा. काविळीची माळ बांधायची ती नंतर बांधा.