पाच मिनिटात येऊन राहिलो

होळी पेटली की आमच्या नागपुरातल्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे एका विशिष्ट नजरेनं पाहायला लागतात. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझा गैरसमज झाला होता. आता होत नाही. त्या नजरेत कूलर असतो.

आमचा कूलर बाबांनी घेतलेला. जाड पत्र्याचा, कपाटाएवढा. सप्टेंबर ते मार्च तो गच्चीवर जुन्या चादरीत, सुतळीनं बांधून, एखाद्या नाराज पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसून असतो. तिथून खाली आणायचा म्हणजे जिन्याच्या वळणावर तो अडकणारच. जिना बांधताना बाबांनी कूलर मोजला नव्हता आणि कूलर घेताना जिना मोजला नव्हता. मग तो दरवर्षी वर जातो कसा, हे विचारू नका. पावसाळा संपला की आम्ही शेजारची चार पोरं बोलावतो, डोळे मिटतो, आणि तो वर जातो.

खाली आणताना मात्र पोरांच्या परीक्षा असतात. म्हणजे एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला बायको, आणि खाली चहाचा कप घेऊन शेजारचे काका. काका महापालिकेतून निवृत्त आहेत, हात लावत नाहीत.

"तिरपा घे ना बे, तिरपा! अबे, तुह्या नाही, त्याच्या अंगानं तिरपा!"

कूलरचं अंग कोणतं हे मला कळेपर्यंत माझ्या अंगठ्याचं नख गेलेलं असतं.

मग ताट्या, म्हणजे ज्यांच्यावरून पाणी झिरपतं त्या कूलरच्या जाळ्या. तीन बाजूंच्या तीन. वुडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या छिलक्यांच्या घ्यायच्या की वाळ्याच्या, यावर आमच्याकडे दरवर्षी चर्चा होते आणि दरवर्षी वाळ्याच्याच येतात, कारण बाबा वाळ्याच्याच आणायचे. त्या स्कूटरवरून आणणं हा वेगळा प्रकार. मागे बसलेली बायको ताट्या धरते, सीताबर्डीच्या उड्डाणपुलावर वारा शिरतो, आणि आम्ही शिडाच्या होडीसारखे झाशी राणी चौकाकडे निघतो. घरी आल्यावर दोन दिवस शर्टातून काड्या निघतात.

इथवरचं सगळं आपल्या हातात असतं. पुढचं कूलरवाल्या भाऊंच्या हातात.

भाऊंना मी सोमवारी फोन केला. "हौ भाऊ, पाच मिनिटात येऊन राहिलो," ते म्हणाले. मागे कुणाच्या तरी कूलरचा पंखा खडखडत होता. मंगळवारी केला. "तुमच्याकडेच निघालो ना बाप्पा, गाडीवरच हाये." गाडीवर असलेल्या माणसाच्या मागे वरणाला फोडणी बसल्याचा आवाज कसा येतो, हे मी विचारलं नाही. विचारलं तर ते रागावतात. रागावले तर नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ भाजून काढणारे दिवस, येईपर्यंत येत नाहीत, आणि नवतप्यात बिनकूलरचं घर म्हणजे पापड वाळवायची जागा.

त्याच मंगळवारी रात्री बंगलोरहून चुलतभावाचा फोन आला. दर उन्हाळ्यात येतो. "तू अजून तिथंच?" हा त्याचा ठरलेला पहिला प्रश्न. जणू मी पंचेचाळीस वर्षं बसस्टँडवर गाडीची वाट पाहून राहिलोय. २०२४च्या मे अखेरीस त्यानं असाच घाबरून फोन केला होता. नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं म्हणे ५६ अंश दाखवले होते. पुढे हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. चुलतभावाला हायसं वाटलं. आमच्या चौकात मात्र दोन दिवस सुतक होतं. हातातोंडाशी आलेला विक्रम गेला. शेवटी काकांनी २३ मे २०१३ची आठवण काढली, ४७.९ अंशांची, बिनबिघाडाच्या यंत्रावर मोजलेली, तेव्हा कुठे पानठेल्यावरची मंडळी सावरली.

तसा मीही एकदा नागपूर सोडलं होतं. पुण्यात नोकरी लागली होती, आठ महिने राहिलोही. परत का आलो असं कुणी विचारलं तर आईची तब्येत सांगतो. आई तेव्हा ठणठणीत होती. झालं असं की एका सकाळी पोहे मागवले आणि म्हटलं, यावर तर्री द्या. त्या भल्या माणसानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चहात मीठ मागितलं. "तर्री मिसळीवर असते," तो म्हणाला. चूक त्याची नव्हतीच. पण कोरडे पोहे चमच्यानं उकरत बसलो असताना मला वाटलं, हे आता रोज समजावून सांगावं लागणार. तर्री काय, सांबार म्हणजे कोथिंबीर कशी, मी 'येऊन राहिलो' म्हणतो तेव्हा मी नेमका कुठे राहिलोय. कंटाळा आला. आयुष्य तळटिपांसकट कोण जगणार?

आणि कूलरही नेता येत नाही. आमचे एक साडू डोंबिवलीला राहतात. त्यांनी हौसेनं नागपूरहून कूलर नेला, खिडक्या बंद करून लावला. तासाभरात घरातल्या सगळ्यांची इडली झाली. कूलरला आधी कोरडी हवा लागते. ओल्या ताटीतून ती आत ओढली की पाण्याची वाफ होते, आणि त्या वाफेला लागणारी उष्णता हवेतूनच जाते, म्हणून हवा थंड होते. ज्या हवेत आधीच पाणी भरलेलं आहे ती आणखी किती पिणार? आमच्याकडेसुद्धा जुलैत तोच कूलर नुसता दमट हवा फेकतो. म्हणजे ज्या कोरड्या झळांनी आमचे ओठ फुटतात, त्याच झळांवर आमची दुपारची झोप चालते.

त्यात कूलरला उलट्या बाजूची खिडकी उघडी लागते, नाहीतर हवा जाणार कुठे? एसीवाल्यांचं घर डबीसारखं बंद. आमचं सताड उघडं, वर कूलरची घरघर, म्हणून घरात सगळे ओरडूनच बोलतात. गेल्या वर्षी मी बायकोला एवढंच म्हणालो की वांग्याच्या भाजीत मीठ जास्त झालंय, तर समोरच्या खिडकीतून काकू म्हणाल्या, "मग लिंबू पिळ ना बापा, कायले बोलतं तिला!"

भाऊ गुरुवारी आले. दुपारी दोनला, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, डोळे लाल. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी तीन दिवस तोंडात घोळवत ठेवलेलं वाक्य त्यांना पाहून गिळलं आणि माठातलं पाणी दिलं. दोन तांबे गेले.

आधी त्यांनी प्लग उपसून स्वतःच्या हातानं बाजूला ठेवला. "दर साल पेपरात येते भाऊ. चालू कूलरमदी पाणी टाकता टाकता माणूस जाते." मग टाकीतून पंप काढला. त्याच्या जाळीवर पांढरा क्षार असा बसला होता, जसा कुणी चुना लिंपलाय. पेचकसाच्या टोकानं ते तो खरवडत बसले, मन लावून, एकेक भोक मोकळं करत, मधूनच फुंकर मारत. पंखा हातानं फिरवला. दीड फेरा मारून तो थांबला. "कंडेन्सर गेलं." खिशातून नवं काढलं. खिशातच होतं. म्हणजे निदान निघताना त्यांच्या मनात मी होतो.

बटण दाबलं. पहिल्या झोतात गेल्या वर्षीची धूळ, वाळ्याच्या काड्या आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा तुकडा बाहेर आला. मग ताट्यांवरून पाण्याची धार झिरपू लागली, टाकीत टपटप सुरू झालं, आणि वाळ्याचा तो वास आला. बायको स्वयंपाकघरातून काही न बोलता येऊन दारात उभी राहिली. बाबा याच वेळी म्हणायचे, "घ्या, सुरू झाला उन्हाळा," जसं काही बाहेर महिनाभर चालू होतं तो हिवाळा होता.

"दोन मिनिट पाठ टेकवतो भाऊ," कूलरवाले म्हणाले, आणि कूलरसमोर फरशीवर दुपट्टा अंथरून आडवे झाले. मीही सतरंजी ओढली.

किती वेळ गेला कोण जाणे. फोन वाजत होता. माझा नव्हता. भाऊ तोंड उघडं टाकून घोरत होते, पेचकस अजून हातातच. फोन वाजून थांबला, परत वाजला. तिसऱ्यांदा मी उचलला.

"काहो भाऊ, सकाळपासून वाट पाहून राहिलो ना!" पलीकडून कुणीतरी काकुळतीला आलं होतं. "कूलर उघडा पडलाय, म्हातारी उकडून राहिली..."

मी भाऊंकडे पाहिलं. कूलरची हवा त्यांच्या मिशा हलवत होती.

"हौ हौ," मी म्हणालो. "निघालेच ते. पाच मिनिटात येऊन राहिले."