पंपवाल्या पेशंटचा इको बंद करा म्हणणाऱ्यांना

‘हृदयात पंप बसवलेल्या पेशंटचा इको चुकूनही करू नका!!’ हा मेसेज आधी इंदूरच्या रामबागेतल्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर आला, तिथून काकूच्या फोनवर गेला, आणि काकूने कुणाला न विचारता काकांचा ठरलेला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, रद्द करून टाकला. काकांच्या छातीत चेन्नईला बसवलेला हार्टमेट ३ आहे, म्हणजे हृदयाच्या अशक्त डाव्या बाजूचं रक्त पुढे ढकलणारा, बाहेरच्या बॅटऱ्यांवर चालणारा पंप. डिस्चार्जच्या आधी ड्राइव्हलाइनचं (पंपाची पोटातून बाहेर येणारी वायर) ड्रेसिंग, बॅटऱ्या बदलणं, अलार्म ओळखणं हे सगळं काकूबरोबर मलाही शिकवलं होतं. त्यामुळे मेसेज वाचताना माझं डोकं तापलं ते तापलंच.

ज्यांनी तो वाचला नाही त्यांच्यासाठी सार. एक, सोनोग्राफीच्या लहरींनी पंपातलं चुंबक बिघडतं आणि पंप थांबतो. दोन, पंपवाल्याला नाडीच नसते, म्हणजे हृदय बंद असतं, मग इकोत बघणार काय? तीन, पंपाच्या स्क्रीनवर सगळे आकडे येतात, इको म्हणजे निव्वळ बिल वाढवायचा धंदा. चार, इकोच्या वेळी डॉक्टर पंपाचा वेग बदलून प्रयोग करतात. पाच, तसाही पंप दोन वर्षांच्या वर चालत नाही. खाली ‘मुंबईच्या सीनिअर कार्डिओलॉजिस्टचा सल्ला’ असं लिहिलंय. नाव नाही. अशा सीनिअरांना ते कधीच नसतं.

चुंबकाचं आधी उरकून टाकते. इको म्हणजे आवाज, आपल्या कानांना ऐकू न येणारा. त्यात चुंबक नाही आणि एक्स-रेसारखे किरणही नाहीत. काकांच्या पंपातलं चक्र चुंबकाच्या जोरावर अधांतरी फिरतं हे खरं, पण आवाजाने चुंबक बंद पडत नाही. ज्याने हे लिहिलं त्याने एमआरआय आणि इको यांची खिचडी केलीय. एमआरआय पंपवाल्याला खरोखरच वर्ज्य आहे, आणि ते आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण इको? अहो, ऑपरेशन थिएटरात पंप पहिल्यांदा सुरू करतात तेव्हाच पेशंटच्या अन्ननलिकेत इकोचा प्रोब घातलेला असतो, हृदयाच्या अगदी पाठीशी. आत हवेचे बुडबुडे राहिलेत का, नळीचं तोंड नीट दिशेला आहे का, हे त्यातच बघून मग वेग वाढवतात. लहरींनी पंप थांबत असता तर एकही पेशंट टेबलावरून उठला नसता.

नाडीचा मुद्दाही तसलाच. पंप रक्त सलग ढकलतो, ठोक्याठोक्याने नाही, म्हणून मनगटाला बोट लावून काही लागत नाही आणि घरचं बीपीचं मशीन नुसतं एरर दाखवतं. दंडाला पट्टा बांधून हातातल्या छोट्या डॉप्लरने बीपी बघावं लागतं, आणि तो डॉप्लरही अल्ट्रासाउंडच असतो, बरं का. हृदय मात्र आत चालूच असतं, अशक्त का होईना. उजव्या बाजूला तर पंपच नसतो. फुप्फुसांकडे रक्त पाठवायचं काम ती बाजू एकटी करते, आणि ती थकली तर डावीकडच्या पंपाला ओढायला रक्तच पोचत नाही. तेव्हा इकोत बघण्यासारखं भरपूर असतं.

आता तिसरा मुद्दा. काकू फसली ती इथेच, कारण हा ऐकायला शहाणपणाचा वाटतो. स्क्रीनवर वेग, वॉट, प्रवाह, पल्सॅटिलिटी इंडेक्स (हृदयाच्या ठोक्यांनी प्रवाहात किती चढउतार होतो त्याचा आकडा) असे चारही आकडे रोज दिसतात. काकू ते सकाळ-संध्याकाळ वहीत उतरवते. मग वेगळी तपासणी कशाला?

कारण त्यातला प्रवाहाचा आकडा मोजलेला नसतो. काकांच्या पंपात रक्त मोजणारं मीटर नाही. चक्र किती वेगाने फिरतंय आणि त्यासाठी वीज किती लागतेय, यावरून कंट्रोलर, म्हणजे पंपाला जोडलेला बाहेरचा छोटा संगणक, अंदाज बांधतो. पंपातून किती गेलं असावं, एवढंच तो सांगतो. गेलेलं रक्त पुढे शरीरात पोचलं की नाही, हे त्याला कळायला मार्गच नाही.

पंप डाव्या कप्प्याच्या टोकातून रक्त ओढतो आणि एका नळीने महाधमनीत सोडतो. म्हणजे हृदय आणि महाधमनी यांच्यामधला जो नेहमीचा दरवाजा, एओर्टिक व्हॉल्व्ह, त्याला बगल देऊन. पंपाने बरंच रक्त नेलं की हा व्हॉल्व्ह क्वचितच उघडतो, कधी अजिबात नाही. महिनोन् महिने मिटून राहिला की त्याच्या पाकळ्या चिकटू लागतात, आणि वर महाधमनीतला दाब सतत त्याच्यावर बसलेला असतो. हळूहळू तो गळायला लागतो. मग पंपाने वर टाकलेलं रक्त व्हॉल्व्हमधून परत डाव्या कप्प्यात, तिथून परत पंपात, परत वर. आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि हौदातून गच्चीवरच्या टाकीत मोटरने चढवावं लागतं. वरचा पाइप फुटून पाणी हौदातच पडत असेल तर मोटर मजेत घरघरते, विजेचं मीटरही पळतं, आणि टाकी कोरडी. इथेही तेच. स्क्रीनवर प्रवाह छान, कधी कधी आधीपेक्षा जास्तच, आणि माणसाला जिना चढताना धाप लागतेय, पायांवर सूज येतेय. काकूच्या वहीत त्या दिवशीची नोंद अगदी उत्तम असेल!

ही गळती इकोत दिसते. व्हॉल्व्ह प्रत्येक ठोक्याला उघडतो, अधूनमधून उघडतो की अजिबात नाही, हेही इकोत दिसतं. दोन कप्प्यांमधला पडदा डावीकडे ओढला गेला असेल तर पंप गरजेपेक्षा जास्त शोषतोय, उजवीकडे फुगला असेल तर कमी. यातलं स्क्रीनवर काय येतं सांगा. जुन्या प्रकारच्या पंपांत तर याहून वाईट प्रकार होता. आत गुठळी धरली की वीज जास्त लागायची आणि गणित त्याचा अर्थ ‘प्रवाह वाढला’ असा लावायचं.

हे माझं गल्लीतलं ज्ञान नव्हे. अमेरिकन सोसायटी ऑफ इकोकार्डिओग्राफीने २०१५ साली खास याच पंपांच्या इकोवर सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पंप बसवल्यावर साधारण दोन आठवड्यांनी, मग पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, आणि पुढे दर सहा ते बारा महिन्यांनी इको, तोही पेशंटला काही त्रास नसताना. त्रास झाला तर त्याशिवाय वेगळा. चेन्नईच्या टीमने काकांना लिहून दिलेलं वेळापत्रक जवळपास हेच आहे. बिल वाढवायचा धंदा म्हणायचं तर म्हणा, पण निदान जे वाचवायला निघालात ते कशाच्या बदल्यात, तेवढं बघा.

वेगाचं. हो, बदलतात. व्हॉल्व्ह उघडेल, पडदा मध्यावर राहील आणि रक्तही पुरेसं जाईल असा वेग शोधायचा तर पंप थोडा कमी-जास्त करून प्रत्येक पायरीला इको बघावा लागतो. जोखीम अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. म्हणूनच आधी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी, बघतात, रक्त पुरेसं पातळ नसेल किंवा आत गुठळीचा संशय असेल तर वेगाला हात लावत नाहीत, आणि पंपाची माहिती असलेला डॉक्टर समोर असल्याशिवाय हे होत नाही. साध्या फॉलो-अपच्या इकोत दरवेळी वेग बदलतातच असंही नाही. याला प्रयोग म्हणायचं तर चष्म्याचा नंबर काढणंही प्रयोगच.

दोन वर्षांचं कुठून आणलं, देव जाणे. हार्टमेट ३ ची आधीच्या हार्टमेट २ शी तुलना करणाऱ्या मोमेंटम ३ या चाचणीचे पाच वर्षांचे निकाल २०२२ साली आले. हार्टमेट ३ वाल्यांपैकी सुमारे ५८ टक्के पाच वर्षांनी हयात होते, हार्टमेट २ वाल्यांपैकी सुमारे ४४ टक्के. पंप बसवण्याआधी ही माणसं कुठल्या अवस्थेत असतात, हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना या आकड्यांचं मोल वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याच्या पदरात नाइलाजाने टाकते. कुठेही जाऊन केलेला इको पंपवाल्याच्या फारशा कामाचा नसतो. पंप नेमका हृदयाच्या टोकाशी बसलेला, त्यामुळे नेहमी जिथून चित्र घेतात तिथे त्याची सावली पडते, आणि डॉप्लरमध्येही पंपाचा गोंगाट मिसळतो. बरगड्यांच्या मधून, पोटाच्या वरून असं फिरून फिरून बघावं लागतं. मागे इथल्याच एका सेंटरवर काकांचा इको केला. रिपोर्टात ‘इजेक्शन फ्रॅक्शन (डावा कप्पा एका ठोक्याला आपल्यातलं किती रक्त बाहेर टाकतो ते) १५ टक्के’ एवढंच ठळक अक्षरात, जसं काही नवीन सापडलं! ते आम्हाला पंपाच्या आधीपासून ठाऊक आहे. पंप कोणता, वेग किती, त्या वेळचं बीपी किती, यातलं काही नव्हतं. वर सांगितलेल्या अमेरिकन सूचनांप्रमाणे या तिन्ही नोंदी हव्यातच, नाहीतर पुढचा इको कशाशी ताडून बघणार? चेन्नईच्या कोऑर्डिनेटरने तो रिपोर्ट बाजूला ठेवला.

तेव्हा इको जवळपास करायचाच असेल तर आधी फोन करून विचारा, असा पेशंट पूर्वी पाहिलाय का. आपल्या टीमचं पत्र आणि मागच्या इकोची सीडी बरोबर न्या. चार्ज केलेल्या जादा बॅटऱ्या आणि बॅकअप कंट्रोलर पिशवीत ठेवा, कारण नीट केलेल्या इकोला वेळ लागतो. आणि खोलीतून निघण्याआधी चित्रांवर पंपाचा वेग टाइप झालाय ना, ते स्वतः बघून घ्या.