तोंडातले पांढरे चट्टे: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: तोंडात पांढरे चट्टे म्हणजे एचआयव्हीच, त्या माणसाचं ताट वेगळं करा, चट्ट्यांवर मध लावा. हे चूक आहे.

कॅन्डिडा ही बुरशी धडधाकट माणसांच्या तोंडातही असते. प्रतिकारशक्ती घटली की ती माजते आणि असे पांढरे चट्टे उठतात. एचआयव्ही हे त्याचं एक कारण. वाढलेली शुगर, केमोथेरपी, दम्याचा स्टेरॉइड पंप, रात्रीही न काढलेली कवळी ही आणखी काही. ताट वेगळं करून काहीच साधत नाही, आजारी माणूस मात्र खचतो. कृपा करून हे करू नका.

मधावर विसंबून उपचार लांबवू नका. निस्टॅटिन, क्लोट्रिमॅझोल, फ्लुकोनॅझोल अशी औषधं डॉक्टर देतात. पंप घेतल्यावर चूळ भरा. घास गिळताना दुखत असेल तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते, मग लगेच सिव्हिल गाठा.