अष्टा-चंग्याच्या कवड्या आणि बारावीचा तक्ता : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. अष्टा-चंग्याच्या कवड्या घेऊन यादृच्छिक चल (random variable) समजावणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत, त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून वेगळं लिहिते आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं : बारावीतल्या नातवाला लेख वाचायला दिला, तर तो आणखीच गोंधळला. चलाच्या किमती आणि त्यांच्या संभाव्यता यांचा तक्ता मांडता आला, बेरीज १ करता आली, सरासरी काढता आली की बारावीला पुष्कळ झालं. ‘चल म्हणजे फलन (function)’ हे एम.एस्सी.चं ओझं पोराच्या डोक्यावर कशाला? शिवाय कवडी म्हणजे काही नाणं नाही, त्यामुळे माझे सोळांश वगैरे आकडे बिनकामाचे. आणि मुलांना फाशा-कवड्यांची उदाहरणं देऊन आपण त्यांना कसलं वळण लावतो आहोत?

शेवटचा मुद्दा आधी घेते, तो लवकर आटपेल. संभाव्यतेचं गणित मुळात डावावरच्या प्रश्नांतूनच वाढलं. खेळ अर्धवट थांबला तर पणाची रक्कम कशी वाटायची, यावर १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांचा पत्रव्यवहार झाला. त्यातला हिशेब पुढे विम्याच्या कामी आला. तुम्ही बँकेतून निवृत्त झालात असं लिहिलंय, म्हणजे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जवळचं. समजा लाख रुपयांचा विमा आहे आणि वर्षभरात दावा येण्याची संभाव्यता ०.००२ आहे, तर कंपनीला एका पॉलिसीमागे सरासरी २०० रुपये द्यावे लागणार. खर्च आणि नफा त्यावर. कवडीवर शिकलेलं मूल हाच हिशेब करतं. घरी आजीबरोबर पट मांडून बसलेल्या मुलाला जुगाराचं वळण लागतं, असं मला अजिबात वाटत नाही.

आता तक्त्याचं. इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इकडची मुलं माझ्याकडे येतात, काही हिंदी माध्यमाची, काही इंग्रजी. तक्ता सगळ्यांना येतो. खालच्या ओळीत क, २क, ३क असं दिलेलं असतं; बेरीज १ धरून क काढायचा, मग वरच्या आकड्यांनी गुणून सरासरी. अर्ध्या मिनिटात होतं. मग मी विचारते, वरच्या ओळीतले हे आकडे आले कुठून? कोणी वर बघत नाही. गाइडमध्ये होते म्हणून आले. माझा सगळा जीव या एका प्रश्नात अडकलेला आहे, काका, आणि म्हणून मी कवड्या काढल्या.

अष्टा-चंगा तुम्ही लहानपणी खेळला असालच. चार कवड्या. एक उताणी (तोंड वर) पडली की एक घर, दोन पडल्या की दोन, तीन पडल्या की तीन, चारही उताण्या म्हणजे चंगा, चार घरं. आणि चारही पालथ्या पडल्या की अष्टा, आठ घरं. वर्गात फरशीवर कवड्या टाकल्या, चारही पालथ्या पडल्या, आणि एका मुलीने विचारलं, ‘‘ताई, उताणी एकही नाही, मग शून्य का नाही?’’ मला नेमका हाच प्रश्न हवा होता. फरशीवर पडल्या त्या चार पालथ्या कवड्या. आठ हा आकडा तिथे कुठेच नव्हता, तो खेळाच्या नियमाने दिला. पडलेल्या प्रत्येक दानाला एक आकडा देणारा हा नियम म्हणजेच यादृच्छिक चल. तुम्हाला खटकलेल्या ‘फलन’ या शब्दात याहून जास्त काही नाही. त्याच कवड्या, तीच सोळा दानं (प्रत्येक कवडी दोन तऱ्हांनी पडते, म्हणून चारांची २×२×२×२), पण नुसत्या उताण्या मोजायच्या ठरवल्या तर चल बदलला, तक्ता बदलला. उताण्या मोजल्या तर सरासरी २ येते. अष्ट्याला आठ दिले की २.५. कवड्या समतोल धरल्या तर एक घर पडण्याची संभाव्यता ४/१६, दोनाची ६/१६, तिनाची ४/१६, चंग्याची १/१६, अष्ट्याची १/१६. गुणून बघा, बेरीज ४०/१६. (अडीच घरं कधीच पडत नाहीत, मग सरासरी अडीच कशी, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. खूप वेळा खेळलं तर दर डावामागे अडीच, एवढाच त्याचा अर्थ.)

आकडे कुठून आले हे न बघता थेट तक्त्यावर उडी मारली की मोठमोठे लोकही फसतात. तीन फासे टाकले तर ९ ही बेरीज सहा त्रिकुटांनी येते आणि १० सुद्धा सहाच त्रिकुटांनी. तरी खेळणाऱ्यांना १० जास्त वेळा पडताना दिसायचे. गॅलिलिओने सतराव्या शतकात याचा उलगडा केला : त्रिकुटं मोजायची नाहीत, कुठल्या फाशावर काय पडलं हे धरून २१६ दानं मोजायची. ३-३-३ एकाच तऱ्हेने पडतं, १-२-६ सहा तऱ्हांनी. मग ९ साठी २५ दानं निघतात आणि १० साठी २७.

राहिला तुमचा सगळ्यात मोलाचा आक्षेप. कवडी समतोल नसते, अगदी खरं. तिची पाठ फुगीर, तोंडाची बाजू चपटी. दोन्ही बाजू सारख्याच वेळा पडतील असं मानायला काही कारण नाही. लेखात मी ‘समतोल धरू’ असं म्हणूनच पुढे गेले होते. पण तुम्ही तो शब्द धरलात, तर आता तो सोडून बघू. कवडी उताणी पडण्याची संभाव्यता क्ष माना. उताण्यांची सरासरी ४क्ष. अष्ट्याला शून्याऐवजी आठ मिळतात, म्हणून त्यात आठ गुणिले (१ − क्ष) चा चौथा घात मिळवायचा. क्ष ०.६ घेतला तर सरासरी सुमारे २.६०. मुलांना वाटलं, उताण्या जास्त पडल्या म्हणून वाढली असणार, म्हणजे ०.४ ला ती अडीचच्या खाली जाईल. ०.४ ला आली २.६४! उताण्यांचे १.६ च राहिले, पण अष्ट्याचा वाटा एकट्याने एकाच्या वर गेला.

मग बारावीचंच डेरिव्हेटिव्ह लावलं. ४ वजा ३२ गुणिले (१ − क्ष) चा घन, हे शून्य केलं की १ − क्ष बरोबर १/२. म्हणजे सरासरी सर्वांत कमी कुठे, तर नेमकी समतोल कवडीला. कवडी कुठल्याही बाजूला कलती असो, सोंगट्या जास्तच वेगाने धावणार! हे फळ्यावर उतरलं तेव्हा मलाच फार आनंद झाला. आणि ते नुसत्या तक्त्यातून दिसलंच नसतं. नियम आणि कवडी वेगळ्या काढल्या म्हणून दिसलं.

तेव्हा नातवाला लेखातला व्याख्येचा परिच्छेद आत्ता वाचायला लावू नका. घरात कवडी असेल तर एकच कवडी घेऊन दोघं मिळून ती ४०० वेळा टाका आणि उताण्या मोजा. दोन संध्याकाळी पुरतील. समतोल असेल तर सुमारे २०० उताण्या पडतील, आणि द्विपद वितरणाचं प्रमाण विचलन (standard deviation, आकडा सरासरीपासून साधारण किती हलतो ते) इथे १० येतं, म्हणजे दोन्हीकडे त्याची दुप्पट सोडून १८० ते २२० मधला आकडा आला तर समतोल धरायला हरकत नाही. १६० च्या आसपास आला तर योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. मग क्ष ०.४ धरा आणि नातवाला पाचही घरांचा तक्ता स्वतः मांडू द्या. आकडे इथेच खाली लिहा, मी आमच्या वर्गातल्या कवडीचे देते.