पीएचडी संपू नये यासाठी घ्यायची काळजी

पीएचडीला ॲडमिशन मिळाली, अभिनंदन. आता एकच पथ्य पाळा, ती लवकर संपू देऊ नका. संपल्यावर काय होतं ते तुमच्या डिपार्टमेंटच्या जुन्या स्कॉलर लोकांना विचारा, जे सध्या दोन तालुक्यांतल्या दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवतात, एसटीने येजा करतात, तास झाला तर पैसे, दिवाळीची सुट्टी लागली की शून्य, आणि झालेल्या तासांचे पैसे पण मार्च उलटून गेल्यावर कधीतरी एकदम येतात. सीएचबी म्हणतात त्याला. त्यापेक्षा कॅम्पस बरा. झाडी आहे, लायब्ररी आहे, रिफेक्टरीत जेवण मिळतं आणि घरून फोन आला की "चालू आहे" एवढ्यावर भागतं.

उदाहरणाला आपलं पुण्याचं विद्यापीठ धरू, कारण ते लोकांनी निदान मॉर्निंग वॉकसाठी तरी पाहिलेलं असतं. बाकी सल्ला कुठल्याही मोठ्या सरकारी विद्यापीठात चालतो, मुंबई घ्या, नागपूर घ्या, टेबलं तीच असतात. तर पुण्याचं १९४९ चं, ४११ एकर, आणि मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचा पावसाळ्यात राहायचा बंगला. मुंबईची कामं बाजूला ठेवून पुण्यात येऊन निवांत राहायचं, ही परंपरा या जागेला विद्यापीठाच्या आधीपासून आहे. तुम्ही ती फक्त पुढे न्यायची.

नियम तुमच्या बाजूने आहेत. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएचडीला कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, वर री-रजिस्ट्रेशन करून आणखी २. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यापुढे अजून २. लोक त्यातला तीनचा आकडा वाचतात आणि उगाच टेन्शन घेतात. अहो, तीनच्या आत संपवायला बंदी आहे एवढाच त्याचा अर्थ, आठाकडे बघायला शिका.

तुम्ही म्हणाल, पण आम्ही तर प्राध्यापक व्हायला आलोय. हो ना. २०१८ मध्ये यूजीसीने सांगितलं की विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर व्हायला १ जुलै २०२१ पासून पीएचडी कम्पल्सरी, म्हणून सगळे धावत सुटले, मग कोविड आला म्हणून तारीख ढकलून १ जुलै २०२३ केली, आणि नेमकं त्याच तारखेपासून पीएचडी ऐच्छिक करून टाकली, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पास असलं की पुरे. म्हणजे ज्यांनी रात्री जागून, डोळ्यांचे नंबर वाढवून वेळेत संपवली ते, आणि ज्यांनी सुरूच केली नाही ते, दोघं एकाच जाहिरातीला एकाच रांगेत. आता सांगा, घाई करून कोणाचं भलं झालं?

विषयाचं बघू. आवाका असा ठेवा की कमिटीला त्याच्यावर बोलता आलं पाहिजे. उदाहरणार्थ 'निफाड तालुक्यातील निवडक महिला बचत गटांच्या आर्थिक स्थितीचा चिकित्सक अभ्यास, कालखंड २०१० ते २०२०'. आरएसीच्या, म्हणजे संशोधन सल्लागार समितीच्या, मीटिंगला एक सर म्हणतील, आवाका फार मोठा आहे, चार गावं घ्या. सहा महिन्यांनी दुसरे सर म्हणतील, चार गावांत काय पीएचडी होते का, जिल्हा घ्या. दोघांनाही "हो सर, नक्की सर" म्हणायचं, वहीत लिहून घेतल्यासारखं करायचं आणि गावं-जिल्हा, जिल्हा-गावं करत राहायचं. दोन वर्षं अशीच निघतात. तोवर २०१० ते २०२० जुनं होतं आणि कोणीतरी म्हणतं की कालखंड वाढवा.

गाईड निवडताना मात्र भावनेच्या भरात जाऊ नका. नियमाने प्रोफेसरकडे ८ स्कॉलर असू शकतात, असोसिएटकडे ६, असिस्टंटकडे ४. तुम्ही आठवाले पकडा. त्यांच्याकडे नॅकचं, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांना ग्रेड देणाऱ्या संस्थेचं, काम असतं, अभ्यासक्रम ठरवणारं बोर्ड ऑफ स्टडीज असतं, पेपर सेटिंग असतं, कुठल्यातरी निवड समितीवर एक्स्पर्ट म्हणून जायचं असतं, आणि तुमचं दुसरं प्रकरण त्यांच्या टेबलावर नॅकच्या फायलींखाली सुरक्षित असतं. नव्याने लागलेले तरुण सर धोकादायक. ते वाचतात. वाचलं की बदल सांगतात, बदल केले की प्रकरण पूर्ण होतं, आणि अशी पाच प्रकरणं पूर्ण झाली की तुम्ही थेट एसटी स्टँडवर. मोठ्या सरांकडे ही भीती नाही. तिथे तुम्हाला राष्ट्रीय चर्चासत्राचा बॅनर छापून आणायचाय, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचंय, शाल-श्रीफळ मोजून ठेवायचेत, आणि शेवटी आभारप्रदर्शन करायचंय, ज्यात एकाही प्राचार्यांचं नाव राहता कामा नये. ते नीट जमलं तर पुढच्या वर्षी सूत्रसंचालन मिळतं. सरकारी विद्यापीठात इतक्या लवकर बढती दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

आता प्रोग्रेस रिपोर्ट. दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो, गेल्या सहा महिन्यांत काय संशोधन केलं याचा. तसा दोन-चार पानांचा कागद, पण त्याच्यावर गाईडची सही, मग एचओडींची, म्हणजे विभागप्रमुखांची, सही, मग शिक्का, मग आवक-जावक. गाईड गुरुवारी असतात आणि एचओडी गुरुवार सोडून असतात. शिक्का कपाटात असतो, कपाटाची किल्ली ज्या मॅडमकडे त्या रजेवर. सगळं जुळवून तुम्ही खिडकीवर पोचलात की आतले काका चष्मा कपाळावर ढकलतात, कागद उजेडाकडे धरतात आणि विचारतात, "ही झेरॉक्स का ओरिजिनल?" ओरिजिनल म्हटलं तर झेरॉक्स कुठंय, झेरॉक्स म्हटलं तर ओरिजिनल कुठंय. दोन्ही पुढे केलीत की कागद पुन्हा एकदा उलटसुलट बघून शांतपणे सांगतात, सही काळ्या पेनने झालीये, निळी लागते. चिडू नका. त्यांच्या मागच्या तीन खुर्च्या रिटायर झालेल्यांच्या आहेत, तिथे माणूस भरलेला नाही, आणि ते एकटे चौघांच्या फायली ओढतायत. (माझं प्रामाणिक मत विचाराल तर या अख्ख्या लेखात मन लावून काम करणारा माणूस तोच एक आहे.) परत डिपार्टमेंटला जा, वाटेत कॅन्टीनला चहा घ्या, तिथे निळ्या सहीसाठी निघालेले अजून दोघं भेटतील, त्यांच्याशी गप्पा मारा. फील्डवर्क फील्डवर्क म्हणतात ते हेच.

लायब्ररीत जायची हौस असेल तर सकाळी सातच्या आत पोचा. पुण्यात पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर यांच्या नावाचं ग्रंथालय आहे, लाखो पुस्तकं आहेत, आणि अभ्यासिकेत मात्र प्रत्येक टेबलावर तीच चार पुस्तकं दिसतात: राज्यघटना, अर्थव्यवस्था, भूगोल, चालू घडामोडी. माणूस चहाला गेलेला असतो, खुर्ची बाटली राखते. ही एमपीएससीची पोरं. यातल्या किती जणांनी एमए घेतलंय ते त्या विषयासाठी आणि किती जणांनी हॉस्टेल आणि खुर्चीसाठी, हे विचारायचं नसतं. हॉस्टेलच्या दारावर दोन नावं असतात, आत चार माणसं झोपतात, यादीबाहेरच्यांना पॅरासाइट म्हणायची पद्धत आहे, आणि ते कोणाला लागत नाही कारण आज ज्याच्या नावावर कॉट आहे तो गेल्या वर्षी खाली चटईवरच होता. त्यांना हसू नका, ती तुमच्यापेक्षा जास्त वाचतात. तुम्हीसुद्धा एखादा फॉर्म भरून ठेवा. प्रिलिम गेली तर पीएचडीमुळे गेली म्हणता येतं आणि पीएचडी अडली तर प्रिलिममुळे.

पैशांचं म्हणाल तर जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी फेलोशिप, असेल तर तुम्ही राजे. २०२३ पासून महिना ३७ हजार, दोन वर्षांनी ४२ हजार, वर एचआरए. वेळेवर येतात असं मी म्हटलेलं नाही. एकदम आले की जुन्या उधाऱ्या फेडायच्या आणि नव्या सुरू करायच्या. नसेल तर नेट द्या. १८ जून २०२४ ला नऊ लाखांवर लोकांनी दिली, १९ तारखेला ती रद्द झाली, मग ऑगस्टपासून परत घेतली, तोवर कॅम्पस सोडून कोणी हललं नाही. नाहीतर मग बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची फेलोशिप. त्याला आधी अर्ज करायचा आणि मग उपोषणाला बसायचं, सतरंजी ज्याची त्याने आणायची. डिसेंबर २०२३ मध्ये तर तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनीच सभागृहात विचारलं होतं की ही मुलं पीएचडी करून काय दिवे लावणार. प्रश्न रास्त आहे, आमच्या मजल्यावरच्या ट्यूबसाठी रजिस्टरमध्ये तीनदा लिहून झालंय.

आणि कॉपी-पेस्ट करू नका हं, त्याचे नियम कडक आहेत. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य माफ, ४० पर्यंत सुधारून द्या, ६० पर्यंत वर्षभर दार बंद, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. म्हणून पोरं रात्र रात्र बसून 'होते'चं 'असत' करतात आणि टक्के खाली आणतात. २४ डिसेंबर २०२३ ला याच बार्टी-सारथी-महाज्योतीच्या फेलोशिपसाठी जी परीक्षा झाली तिचा पेपर २०१९ च्या सेटचाच निघाला, साम्य किती टक्के ते तुम्हीच काढा. १० जानेवारीला ती परत ठेवली तर काही पेपरांना सील नाही म्हणून पोरांनी बहिष्कार घातला. असो, तुमचं 'होते'चं 'असत' चालू द्या.

एवढी काळजी घेऊनही काहींची संपतेच. नशीब एकेकाचं. प्रबंध बांधून येतो, काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरं, पीडीएफ शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, चढते, आणि व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तारीख लागते. एक्स्टर्नल सर विचारतील, या अभ्यासाचा समाजाला उपयोग काय. घाबरू नका, "पुढील संशोधनास वाव आहे" म्हणा, त्यांनीही त्यांच्या व्हायवाला हेच म्हटलेलं असतं. मग टाळ्या, मग फोटो, मग तुमच्या खर्चाने जेवण. दुसऱ्या वाटीतला गुलाबजाम संपत आला की सरांच्या शेजारी सरका आणि हळूच विचारा, सर, दुसऱ्या विषयात एमएला बसलो तर हॉस्टेल कंटिन्यू होईल का.