रानपिंगळा दिसला नाही, या तक्रारीला मेळघाटातून उत्तर

नमस्कार सर,

पंधरा ऑगस्टला जोडून आलेल्या सुट्टीत आपण आमच्या होमस्टेत दोन रात्री राहिलात आणि एक तारा दिलात. खोली आणि जेवणाबद्दल चांगलं लिहिलंत, त्याबद्दल आभार. तक्रारी तीन आहेत. खास ज्याच्यासाठी आलात तो रानपिंगळा, हे दुर्मीळ छोटं घुबड, दिसला नाही. गाइडने मोबाइलवर त्याचा आवाज वाजवायला नकार दिला. आणि शेवटच्या सकाळी आपण ज्या पक्ष्याचा फोटो काढलात, तो रानपिंगळा नाही असं सांगून त्याने आपला हिरमोड केला. म्हणून गाइडचे पैसे परत हवेत.

फोटोपासून सुरुवात करतो, कारण माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

तो फोटो आपण जेवताना मलाही दाखवला होता. डोक्यापासून पोटापर्यंत बारीक आडव्या पट्ट्या होत्या. तो जंगली पिंगळा, रानपिंगळ्याहून वेगळं घुबड. आपल्याकडच्या सागाच्या जंगलात तो बऱ्यापैकी दिसतो आणि दिवसाही ओरडतो, त्यामुळे बाहेरून आलेल्या माणसाची गल्लत होणं साहजिक आहे. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं, त्यावर ठिपके किंवा पट्ट्या अगदीच पुसट. छातीचा वरचा भाग सलग तपकिरी, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, शेपटीवर आणि पंखांवर रुंद, ठसठशीत पट्टे, आणि पाय दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले. गावातल्या वडा-पिंपळावर बसतो तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके आणि मानेमागे पांढरी पट्टी असते. आमचा गाइड कोरकू आहे, याच जंगलात वाढलाय. 'हो सर, हाच तो' एवढं म्हटलं असतं तर आपण खुशीत परत गेला असता आणि आम्हाला पाच तारे मिळाले असते. त्याने ते म्हटलं नाही, आणि मी पूर्णपणे त्याच्या बाजूने आहे.

यामागे या पक्ष्याचाच इतिहास आहे. 1872 मध्ये आजच्या छत्तीसगडात तो पहिल्यांदा मिळाला आणि 1873 मध्ये पक्षीशास्त्रज्ञ ह्यूम यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं. पुढे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात त्याचे नमुने, म्हणजे आत भरण घालून जतन केलेले पक्षी, गोळा केले. शेवटचा खरा नमुना 1884 चा. जगभरच्या संग्रहालयांत मिळून खरे नमुने सात. त्यानंतरच्या नमुन्याची एकच नोंद होती, मायनर्टझहागेन या इंग्रज कर्नलची: 1914, गुजरातमधलं मांडवी. ती खोटी निघाली. ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसनचाच जुना नमुना त्याने उसवून, नव्याने भरून, आपल्या नावावर खपवला होता. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी क्ष-किरण तपासणी करून ते उघडकीला आणलं. ती नोंद बाद केल्यावर जुन्या, खऱ्या ठिकाणांवर भर देऊन शोध घेतला गेला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना खानदेशातल्याच शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला. 113 वर्षांनी! त्यानंतर आमच्या मेळघाटातही तो सापडला.

एका खोट्या नोंदीने इतका घोळ घातला. आज तर फोटो काढला की दहा मिनिटांत त्याची नोंद ऑनलाइन जाते आणि पुढचा माणूस ती पाहून गाडी काढतो. ज्या पक्ष्याची जगातली संख्या इतकी थोडी आहे, त्याच्या बाबतीत पाहुण्याचं मन राखायला 'हो' म्हणणं आमच्याकडे चालत नाही.

आता तो दिसला का नाही, याबद्दल. रानपिंगळा हा दिवसा वावरणारा पक्षी. सकाळी उन्हं अंगावर घ्यायला तो निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर उघड बसतो, शेपटी डावीकडे-उजवीकडे झटकतो, आणि लहान पक्षी त्याच्याभोवती कालवा करतात. या तीन गोष्टींवरच आमचे गाइड त्याला शोधतात. ऑगस्टमध्ये यातलं काहीच हाताशी नसतं. सागाची पानं सुपाएवढी झालेली, ऊन नाही, पक्षी फारसा बोलत नाही. शिवाय पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातल्या बऱ्याच वाटा बंद असतात. आपण फोनवर विचारलंत तेव्हा मी हेच सांगितलं होतं, आणि बुकिंगच्या मेसेजमध्येही 'पावसाळ्यात रानपिंगळा दिसण्याची शक्यता फार कमी' असं लिहिलेलं आहे. आपल्याला सुट्टी तेव्हाच होती, हेही समजतं. पण याच मुक्कामात नवरंग या रंगीबेरंगी पक्ष्याची शीळ ऐकून आपण किती वेळ थांबला होतात! तो पावसाळ्यात इथल्या जंगलात घरटं करतो; जानेवारीत येणाऱ्याला तो भेटत नाही.

आपला मित्र ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात गेला आणि अर्ध्या तासात रानपिंगळा पाहून आला, असं लिहिलंत. तानसात तो आहेच, 2014 मध्ये तिथे सापडला. मित्र कोणत्या महिन्यात गेला होता, तेवढं त्याला विचारून पाहा. नवख्या मुलखात एखादा ठरावीक पक्षी शोधायचा तर आधी महिना ठरवावा लागतो, मग जंगलाचा प्रकार, आणि जागा सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट करतात: कुणाच्या तरी पोस्टवरून जागा मिळवतात आणि सुट्टी असेल तेव्हा निघतात.

आवाज वाजवण्याबद्दल आमचा नियम पक्का आहे आणि तो मी मोडू देणार नाही. रेकॉर्डिंग ऐकून नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. भक्ष्य सोडून, ढोलीतल्या मादीला आणि पिल्लांना सोडून तो भांडायला येतो. एकदा ठीक, पण हंगामात रोज नवी गाडी येते आणि पाहुण्यांच्या फेऱ्या ठरलेल्या दोन-चार जागांवरच होतात. म्हणजे त्याच जोड्यांना रोज हा त्रास.

गाइडचे पैसे मी परत करणार नाही. ते त्याच्या हातात गेले आहेत आणि दोन्ही दिवस पहाटेपासून पावसात त्याने आपल्याबरोबर काम केलं आहे. पक्षी दिसला तरच पैसे, अशी पद्धत ठेवली तर उद्या तोही घरट्याजवळ गाडी नेईल.

पुन्हा यायचा विचार झाला तर डिसेंबर ते मार्चमध्ये या, आणि निदान तीन सकाळी ठेवा. येण्याआधी हव्या असलेल्या पक्ष्यांची यादी पाठवा. त्यातले कोणते त्या महिन्यात दिसू शकतात आणि कोणते नाहीत, ते मी स्पष्ट लिहून देईन. गाइड तोच देईन. आमच्या खोल्या नाताळ आणि 26 जानेवारीला आधीच भरतात, तेव्हा मधले दिवस धरा.