४०२ : गळती नाही, सवय

आमच्या लिफ्टशेजारच्या फलकावर शनिवारपासून एक कागद डकवलाय. प्रत्येक फ्लॅटने महिन्यात किती लिटर पाणी वापरलं त्याचा तक्ता, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. आमच्या नावापुढे १९,४०० आणि 'गळती नाही. सवय.' वर गुलाबी हायलायटर. इस्त्रीवाल्यानेसुद्धा वाचलं. कपडे मोजून देताना तो जे हसला, ते मी मनात लिहून ठेवलंय.

टँकर वाढले, म्हणून जलसमिती झाली, म्हणून मीटर बसले, म्हणून चौकशी आली. चौकशी म्हणजे ३०२ मधले काका. त्यांची सगळी नोकरी धरणांवर झाली. दुपारी पावणेतीनला बेल वाजली. काका दारात, हातात बादली, गळ्यात स्टॉपवॉच, खिशात निळ्या रंगाची बाटली.

"वहिनी, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारही धरणं भरली तर किती पाणी?"

"काका, आत या ना."

"२९.१५ टीएमसी! एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर." मग माझ्याकडे रोखून बघत, "त्यातले १९,४०० लिटर तुमचे."

म्हणजे पुण्याची धरणं मीच रिकामी करते, जुलैपर्यंत पाऊस लांबला तर मला सिंहगड रस्त्याने पळून जायला हवं, असा एकंदर सूर. मीही वर्तमानपत्र वाचते. म्हटलं, माणशी रोज १३५ लिटर हे शहरांसाठीचं सरकारी मानक आहे. घरात पाच माणसं. १३५ गुणिले पाच, गुणिले तीस, होतात २०,२५०. आम्ही त्याच्याही आत आहोत.

काका जरा थांबले. "ते मानक शहराचं. सोसायटीचं नाही."

पुढे तपासणी. स्वयंपाकघराच्या नळाखाली बादली धरून स्टॉपवॉच लावलं. नळाला जाळी बसवा म्हणाले, हवा मिसळून धार येते, पाणी कमी लागतं. बसवलेली आहे, असं म्हटल्यावर त्यांनी वाकून नळाच्या तोंडात पाहिलं आणि वहीत काहीतरी खोडलं. मग मोर्चा सासूबाईंकडे.

"आजी, अंघोळीला किती तांबे लागतात?"

सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्या काकांपेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठ्या. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "माझ्या सासऱ्यांनीसुद्धा विचारलं नव्हतं हो," इतकंच म्हणाल्या, आणि परत सोलायला लागल्या. काकांनी वहीत लिहिलं, 'माहिती दिली नाही.'

आता बाटली. फ्लशच्या टाकीत रंग टाकायचा, पाव तास कुणी फ्लश करायचं नाही. भांड्यात निळं उतरलं तर टाकी आतून गळते. युक्ती चांगली आहे, घरी जरूर करून बघा, फक्त काकांशिवाय. कारण तो पाव तास काका आमच्या सोफ्यावर बसून होते. चहा झाला. 'अर्धाच' म्हणून दोनदा. तेवढ्या वेळात विजेच्या बिलावर व्याख्यान. गीझर दोन हजार वॉटचा, अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. महिन्याला तीनशे युनिट ओलांडली की पुढच्या युनिटचा दर चढतो. सगळं खरं. पण स्थिर आकाराचं काय, विचारलं. दिवे घालवून अंधारात बसलं तरी तो तसाच येतो, आणि त्यावरही १६ टक्के वीज शुल्क. काटकसर करायची ती नेमकी कुठल्या रकान्यात? यावर काका छतावरच्या पंख्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात मुलगा शाळेतून आला, दप्तर फेकून सरळ आत पळाला, आणि आतून किंकाळी, "आई, समुद्र!"

चाचणी बाद. बाटली रिकामी. "खायचा रंग असेल ना घरात?" जिलबीचा केशरी होता. तो पडला. पुन्हा पाव तास, पुन्हा अर्धा चहा. या वेळी मुलाला हाताला धरून बसवलं होतं. शेवटी काकांनी गुडघ्यावर बसून, चष्मा कपाळावर सरकवून भांड्यात पाहिलं. पाणी स्वच्छ. इतका हिरमुसलेला माणूस मी निकालाच्या दिवशीही पाहिलेला नाही. गळती निघाली असती तर आम्ही निर्दोष सुटलो असतो. नाही निघाली, म्हणून 'सवय'.

त्याच कागदाच्या खाली 'जलमित्र' पुरस्कार जाहीर झालाय. मानकरी ५०४. वापर शून्य लिटर. ५०४ ला कुलूप आहे. दोघं दिवाळीपासून मुलीकडे न्यू जर्सीत. प्रमाणपत्र त्यांच्या वतीने काकांनीच स्वीकारलं, सेक्रेटरींच्या हस्ते, गुलाबाच्या फुलासह.

याहून चीड आणणारी गोष्ट मला मेंटेनन्सचं बिल आल्यावर कळली. टँकरचा खर्च सगळ्या फ्लॅट्सना सारखाच वाटलाय! १०,००० लिटरचे ते टँकर रांगेने येणार, बिल्डरने विकताना चोवीस तास पाणी म्हणून सांगितलेलं, आणि वाटणी दरडोई नाही, मीटरप्रमाणेही नाही. सेक्रेटरींना गाठून विचारलं, मग मीटर कशाला बसवले?

"जाणीव व्हावी म्हणून."

मीटरचे पैसेही सारखेच वाटलेत, हे जाता जाता. मी लेखी अर्ज दिला, दरडोई हिशोब लावा म्हणून. त्यावर विचार करायला उपसमिती नेमली आहे. अध्यक्ष, काका.

सासूबाईंनी मात्र अर्जबिर्ज केला नाही. आमची न्हाणीघरं एकाच डक्टमध्ये उघडतात, खालची-वरची खिडकी. सकाळी सातला त्या तांबे मोजायला लागतात, खड्या आवाजात, ३०२ ला नीट ऐकू जाईल असे. "एक... दोन..." वीसपर्यंत जातात आणि थांबतात. पाण्याचा आवाज पुढे बराच वेळ चालू असतो.